माळ्यावरचा टीव्ही गेम, उंदराने खाल्लेली प्रिंट : जम्पर नेमका कुठून कुठे?

माडाखालचा | शनिवार, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. इथे मी नेहमीचा नुसता वाचक, आज पहिल्यांदा धागा काढतोय.

आमचं घर वेंगुर्ल्याजवळ उभादांड्याला आहे, समुद्र पाच मिनिटांवर. वर्षातले दहा महिने घराला कुलूप असतं. यंदा घरून काम करायची सवलत मिळाली म्हणून मे महिन्यात येऊन पावसाळाभर इथेच राहिलोय. कौलं परतायला माळ्यावर चढलो तर पत्र्याच्या ट्रंकेत माझा नव्वदीतला टीव्ही गेम सापडला. जपानी गेमची नक्कल म्हणून तेव्हा मिळायचा तो, ६० पायांच्या पिवळ्या कॅसेटवाला. उघडून पाहिला. आत हल्लीसारखा काळ्या डांबराचा गोळा नाही, खऱ्या आयसी आहेत. ४० पायांच्या दोन, यूए६५२७पी आणि यूए६५३८. शिवाय दोन रॅम आणि एक ७४एलएस३७३.

अडचण अशी की ट्रंकेचा एक कोपरा सडला होता आणि तिथून उंदरांनी आत येऊन बिऱ्हाड थाटलं होतं. कॅसेटच्या खोबणीजवळ रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत हिरवट-पांढरी पूड जमलीय. चार-पाच प्रिंट (बोर्डावरच्या तांब्याच्या बारीक रेषा) काळ्या पडल्यात, एक-दोन दिसतच नाहीत.

चालू होतो, आवाज येतो, खेळताही येतं. पण पडद्यावर वरून खालपर्यंत उभ्या रेघा आहेत, सारख्या अंतरावर. आकाशावर, विटांवर, अक्षरांवर, सगळीकडे. सगळ्या काळ्या प्रिंटना जम्पर, म्हणजे वरून जोडतार, मारून टाकू का?

रापण | शनिवार, रात्री १०.०५

तुझो उंदीर बराच शिकलेलो दिसता. एवढ्या मोठ्या घरात तेका नेमको गेमच गावलो?

पुणेरी_ओहम | शनिवार, रात्री १०.३०

कटू वाटेल, पण नवा तसलाच गेम बाजारात हजाराच्या आत मिळतो. या बोर्डावर वेळ घालवण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. करायचंच असेल तर आधी ७८०५ रेग्युलेटरच्या आउटपुटला ५ व्होल्ट मोजा. ४.७५ ते ५.२५ च्या बाहेर असेल तर पुढचं सगळं व्यर्थ. आणि अॅडॉप्टरची पोलॅरिटी बघा. या नकली सेटांत कुठे मधली पिन प्लस, कुठे मायनस.

माडाखालचा | शनिवार, रात्री १०.४१

५.०२ येतात. नवा घ्यायचा नाही. या ट्रंकेत दादाचं आणि माझं अर्धं बालपण आहे, बाकी अर्धं उंदरांनी नेलं.

मीटर_डाऊन | रविवार, सकाळी ७.१५

कुडाळला टीव्ही दुरुस्तीत माझी पंचवीस वर्षं गेली. सगळ्यांना जम्पर अजिबात मारू नकोस. काळी पडलेली प्रिंट तुटलेलीच असते असं नाही. वरचा हिरवा थर गेला की तांबं काळवंडतं, आत ते शाबूत असतं. धडधाकट प्रिंटला उगाच सोल्डरिंगची इस्त्री लावलीस की ती उखडणार. बोर्डावरचं तांबं साधारण ३५ मायक्रॉन असतं. केसाच्या निम्मं.

तुझा पडदाच सांगतोय काय तुटलंय ते. हा गेम चित्र ८ बाय ८ ठिपक्यांच्या चौकोनी घरांतून बनवतो. आडवी ३२ घरं, उभी ३०. घराची एक ओळ म्हणजे ८ ठिपके, आणि त्या ठिपक्यांची माहिती कॅसेटमधून ८ तारांवरून येते. एका ठिपक्याला एक तार. म्हणजे एक तार तुटली की प्रत्येक घरात तोच एक उभा स्तंभ बिघडतो आणि पडदाभर रेघा दिसतात. ३२ घरं, ३२ रेघा. मोजून बघ.

आता दुसरी गोष्ट. अक्षरं, विटा, ढग आपापल्या जागी आहेत ना? कुठलं चित्र कुठे ठेवायचं याची नोंद गेमच्या आतल्या २ केबीच्या रॅममध्ये असते, आणि ती त्याच ८ तारांवरून वाचली जाते. जागा बरोबर म्हणजे आयसी आणि रॅम यांच्यातली तार ठीक आहे. कॅसेटकडे जाणारा फाटाच तुटला आहे.

त्याआधी कॅसेट बदलून बघ. तीन कॅसेटवर सारख्याच रेघा आल्या तर दोष गेमचा. आणि फुंकर मारू नका रे कोणी. ती थुंकीच पुढे हिरवी होते.

माडाखालचा | रविवार, सकाळी ११.२०

बाप रे. मी इतकी वर्षं याला 'पट्टे आले' म्हणत होतो.

चार कॅसेट लावल्या, चारींवर तेच. रेघा मोजल्या, ३० भरल्या. कडेच्या दोन टीव्हीने कापल्या असाव्यात. पडद्याचा मोबाइलवर फोटो काढून मोठा केला. विटेच्या कडेपासून मोजलं तर रेघ पाचव्या ठिपक्यावर वाटते. चौथीही असू शकेल, फोटो थरथरला आहे.

गंमत म्हणजे तो मिशीवाला प्लंबर उजवीकडे बघतो तेव्हा त्याच्या अंगावरची रेघ एका जागी असते, डावीकडे वळला की ती किंचित सरकते.

मीटर_डाऊन | रविवार, दुपारी २.०५

वा, हे छान टिपलंस. पात्राने तोंड फिरवलं की आयसी तेच घर आरशासारखं उलटं काढते. रेघ कडेच्या पहिल्या ठिपक्यावर असती तर वळताना एकदम आठव्यावर गेली असती. तुझी किंचितच सरकते, म्हणजे ती मधल्या दोघांपैकी एक. चौथी किंवा पाचवी. त्या ८ तारांची नावं डी० ते डी७. डावीकडचा पहिला ठिपका म्हणजे डी७, तिथून मोजत ये. चौथा डी४, पाचवा डी३.

गेम बंद कर, अॅडॉप्टर काढ, कॅसेट काढ. मीटर बीपवर ठेव. बीप नसेल तर २०० ओहमच्या रेंजवर. यूए६५३८ ही चित्र काढणारी आयसी. तिची ३५ नंबरची पिन म्हणजे डी३, ३४ म्हणजे डी४. तिथून ७४एलएस३७३ च्या इनपुटपर्यंत बघ. इनपुट पिना ३, ४, ७, ८, १३, १४, १७, १८. यातली कुठली लागेल ते बोर्डागणिक बदलतं, पण एकीवर वाजलंच पाहिजे. मग कॅसेटच्या खोबणीपर्यंत बघ. डी३ खोबणीच्या टोकाला, ५ व्होल्टच्या पिनेला लागून असते. डी४ तिच्याच समोरच्या रांगेत, अगदी शेवटची.

सुरंगी | रविवार, दुपारी ३.३०

मध्येच तोंड घालते. ज्यांच्या घरी २००१ सालचा पहिला एक्सबॉक्स पडून आहे त्यांनी तो आजच उघडा. १.० ते १.५ या आवृत्त्यांत घड्याळ चालू ठेवायला एक जाड कपॅसिटर असतो. तो वर्षानुवर्षांनी गळतो आणि आसपासच्या बारीक प्रिंट खातो. पॉवर आणि इजेक्टच्या बटणांच्या प्रिंट सडल्या की कन्सोल आपोआप चालू होतो किंवा चालूच होत नाही, आणि लोक पॉवर सप्लाय बदलत बसतात. तो कपॅसिटर काढून टाकला तरी कन्सोल चालतो, फक्त तारीख-वेळ विसरतो. सेगा गेम गियरमध्येही कपॅसिटरच गळतात, तिथे आधी आवाज जातो. तिथला रस अल्कधर्मी असतो, त्यावर थोडं व्हिनेगर चालतं. उंदराच्या मुतावर चालतं का ते जाणकारांनी सांगावं.

पोफळ | रविवार, दुपारी ४.१०

व्हिनेगर कशाला? आई तांब्याचा हंडा आगळाने घासते, एका मिनिटात लखलखतो. बोर्डावरही तांबंच ना?

बंदरावरचा | रविवार, संध्याकाळी ६.४५

पोफळ, नको रे बाबा. आगळात कोकमाचं आम्ल आणि वर भरपूर मीठ. हंडा आपण नंतर बदाबदा पाण्याने धुतो, म्हणून चालतं. बोर्डाच्या आयसीखाली ते मीठ राहिलं की संपलं.

मी रत्नागिरीला मिरकरवाडा बंदरावर ट्रॉलरचे वायरलेस आणि मासे शोधायचे सेट दुरुस्त करतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा सगळे सेट आमच्या टेबलावर येऊन पडतात. दर वर्षी तीच कथा. सेट घरीच कुणीतरी 'साफ' केलेला असतो आणि महिन्याभरात परत हिरवा पडतो. कारण लोक थेट आयपीएने, म्हणजे त्या अल्कोहोलने पुसतात. मीठ अल्कोहोलमध्ये जवळजवळ विरघळतच नाही, नुसतं इकडचं तिकडे होतं. आणि हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतूनच पाणी ओढून ओलं होतं. आपल्याकडे जूनमध्ये काडेपेटीसुद्धा पेटत नाही, तिथे बोर्डाचं काय घेऊन बसलात.

क्रम असा ठेवा. आधी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ दातांचा ब्रश, दोन-तीन वेळा. उंदराचं मूतही त्यानेच जातं, वेगळं औषध लागत नाही. मग आयपीए, ते उरलेलं पाणी घेऊन उडून जातं. मग खोक्यात ६० वॅटचा बल्ब लावून रात्रभर सुकवा. तांदळाच्या डब्यात घालू नका, खोबणीत कोंडा बसतो.

आणि फ्लक्स, म्हणजे सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात ती पेस्ट, कुठला वापरणार तेही आधी सांगा.

माडाखालचा | रविवार, रात्री ९.३०

आता कबूल करतो. हे मी पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं नव्हतं, लाज वाटली म्हणून.

मे महिन्यात मी एकदा प्रयत्न करून चुकलोय. घरात नळकाम झालं तेव्हा प्लंबरने मागे ठेवलेली पेस्ट होती, आणि बाबांची ६० वॅटची जाड टोकाची इस्त्री. खोबणीच्या दोन पायांजवळ डाग द्यायला गेलो. डाग धरेना म्हणून दाबून धरली. धूर आला, आणि एका पायाभोवतीचा तांब्याचा गोल टिकलीसारखा सुटून इस्त्रीलाच चिकटून वर आला. मग घाबरून ट्रंक बंद केली. म्हणजे हिरव्या पुडीतला काही वाटा उंदराचा नसून माझा असावा.

मोजमाप : ३४ पासून खोबणीपर्यंत बीप वाजतो. ३५ पासून ३७३ च्या ८ नंबरच्या पायापर्यंत वाजतो. ३५ पासून खोबणीपर्यंत नाही. म्हणजे डी३. आणि हो, टिकली सुटली तो पाय हाच.

रापण | रविवार, रात्री ९.३४

उंदराची जाहीर माफी मागा.

बंदरावरचा | रविवार, रात्री ९.५२

वाटलंच मला. नळाच्या पेस्टमध्ये क्लोराइड असतं. तांब्याच्या पाइपला ते ठीक, बोर्डावर मात्र नंतरही खात राहतं. म्हणून आधी धुणं, मग बाकी सगळं. यापुढे फक्त राळ. रोझिन म्हणून डबीत मिळते तीच.

मीटर_डाऊन | रविवार, रात्री १०.२०

कबुली दिलीस ते बरं केलंस. दुकानात येणाऱ्या सेटांत निम्मा वेळ मूळ बिघाडापेक्षा आधीच्या दुरुस्तीशीच झगडण्यात जातो.

टिकली गेली तर जाऊ दे. खोबणीच्या पिनेचा पाय तर आहे ना? जम्परचं एक टोक थेट त्या पायाला गुंडाळ, दुसरं ३७३ च्या ८ नंबरच्या पायाला खालच्या बाजूने. मधली कुजलेली प्रिंट जोडत बसू नकोस. फक्त तिच्या दोन्ही टोकांना ब्लेडने बारीक काप देऊन ती वेगळी पाड, म्हणजे ती सडत जाऊन शेजारणीला चिकटली तरी तुझ्या लाइनला त्रास नाही. ते करताना शेजारची कापू नकोस म्हणजे झालं.

तार जळक्या अॅडॉप्टरच्या ट्रान्सफॉर्मरमधली घे, बारीक गुंडाळीची. लॅनच्या केबलमधली नको, ती जाड आणि ताठ. हात लागला की पायच ओढून काढते. इस्त्री २५ वॅटची, सोल्ड्रॉन चालेल. टोक अणकुचीदार. सोल्डर ६३/३७, ते १८३ अंशाला वितळतं आणि एकदम घट्ट होतं, मधली चिखलासारखी अवस्था नसते. एका डागाला दोन-तीन सेकंद. नाही धरला तर इस्त्री बाजूला घे, गार होऊ दे, परत राळ लाव.

पुणेरी_ओहम | सोमवार, सकाळी ८.४०

ट्रान्सफॉर्मरच्या तारेवर इनॅमल असतं. ते टोकांना नीट खरवडलं नाही तर सोल्डर तारेभोवती छान गोळा होईल, दिसायला सुंदर, आणि कनेक्शन शून्य. जोडायच्या आधी तारेची दोन्ही टोकं मोजून घ्या. आणि काम झाल्यावर त्यावर यूव्ही मास्क, म्हणजे अतिनील प्रकाशात घट्ट होणारा लेप, लावा, मोबाइलवाल्यांकडे मिळतो.

पोफळ | सोमवार, सकाळी ९.०२

नेलपॉलिश लावलं तर?

पुणेरी_ओहम | सोमवार, सकाळी ९.१०

नेलपॉलिश नखांसाठी असतं.

सुरंगी | सोमवार, सकाळी ९.२५

माझ्याकडे नेलपॉलिश लावलेले दोन बोर्ड वर्षानुवर्षं चालतायत. परत दुरुस्ती करायची वेळ आली तर अॅसीटोनने निघतंही. मास्क जास्त टिकतो हे खरं, पण त्याला अतिनील दिवा लागतो, आणि या पावसात ऊन कुठून आणणार तो बिचारा? फक्त पारदर्शक घ्या. चमकीवाल्यात धातूची पूड असली तर नसतं झंझट.

बंदरावरचा | सोमवार, सकाळी ९.४०

काहीही लावा. पण बोर्ड पूर्ण सुकल्यावरच. ओल्यावर झाकण घातलंत तर आत लोणचं मुरेल.

माडाखालचा | गुरुवार, रात्री ११.१५

चार दिवस गायब होतो. सोमवारी लाइट गेली ती मंगळवारी दुपारी आली. माड वायरवर पडला होता.

आता सांगतो. वेंगुर्ल्याच्या बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटर आणलं. 'गाडी कुठली?' विचारलं, मी म्हटलं व्हिडिओ गेम. त्याने पैसे घेतले, पुढे काही विचारलं नाही. तीन वेळा धुतला. पहिल्या पाण्याला जो वास आला तो इथे लिहिण्यासारखा नाही. आयपीए, मग बल्बखाली रात्रभर. सकाळी बघितलं तर काळ्या दिसणाऱ्या चार प्रिंटपैकी तीन नुसत्या डागाळलेल्या होत्या. तुटलेली एकच. मी म्हणालो होतो तसे पाच जम्पर मारले असते तर!

ट्रान्सफॉर्मर फोडायला अर्धा तास गेला. तार हातात घेतली तर आहे की नाही कळेना. सात सेंटिमीटर कापली, टोकं ब्लेडने खरवडली. मोजलं, बीप नाही. परत खरवडली, बीप. ओहमसाहेब, तुमच्यामुळे वाचलो.

३७३ च्या ८ नंबरच्या पायाचा डाग पहिल्या खेपेत बसला. राळेचा धूर, मग सोल्डर एकदम चकचकीत होऊन पायाभोवती उतरलं. असं होतं हे मला माहीतच नव्हतं. मे महिन्यात माझं सोल्डर गोळ्या गोळ्या होऊन घरंगळत होतं. खोबणीकडचं टोक मात्र छळलं. तार गुंडाळायची, हात हलला की सुटायची. शेवटी बायकोने भुवया कोरायच्या चिमट्याने धरून ठेवली आणि म्हणाली, श्वास सोडायचाय मला, लवकर कर. दोन सेकंदांत डाग बसला.

मग शेजारच्या पिनांशी चिकटलंय का ते मोजलं, विशेषतः ५ व्होल्टच्या पिनेशी. नाही. जुन्या प्रिंटला दोन्हीकडे काप दिला. जम्पर बोर्डाला तीन ठिकाणी नेलपॉलिशने चिकटवला. पारदर्शक होतं, गुलाबी छटेचं. ओहमसाहेबांनी डोळे मिटावेत.

कॅसेट लावली. आकाश निळं. एकही रेघ नाही.

मीटर_डाऊन | शुक्रवार, सकाळी ७.०५

फोटो टाक खालच्या बाजूचा.

माडाखालचा | शुक्रवार, सकाळी ८.३०

टाकलाय. हसू नका.

मीटर_डाऊन | शुक्रवार, सकाळी ८.४४

खोबणीकडचा डाग जरा जास्त फुगलाय, पण धरलाय. पोरांना चिकटपट्टीवाला जम्पर दाखवायची सवय आहे, त्यापेक्षा कितीतरी बरा. परत हात लावू नकोस. ट्रंकेत नको, प्लास्टिकच्या झाकणबंद डब्यात ठेव, सिलिका जेलच्या पुड्या घालून. बुटाच्या खोक्यात मिळतात त्या तव्यावर मंद गरम केल्या की परत चालतात.

माडाखालचा | शुक्रवार, रात्री १०.१०

आभार सगळ्यांचे. दादाला व्हिडिओ कॉल केला, तो बोरिवलीत बसून ओरडत होता, उडी मार, उडी मार. शेवटचा एक प्रश्न. ट्रंकेत गेमची बंदूकही आहे, बदकं मारायची. चाप दाबल्यावर पडदा क्षणभर काळा होतो, पण एकही बदक पडत नाही. हिचीही प्रिंट गेली का?

मीटर_डाऊन | शुक्रवार, रात्री १०.२५

कुठल्या टीव्हीवर?

माडाखालचा | शुक्रवार, रात्री १०.२७

एलईडी. ३२ इंची.

मीटर_डाऊन | शुक्रवार, रात्री १०.३१

मग बंदूक उघडू नकोस, ती बहुधा ठीक आहे. चाप दाबल्यावर पडदा काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, तो प्रकाश बंदुकीतला सेन्सर पकडतो. पिक्चर ट्यूबवर तो चौकोन ताबडतोब उमटतो. तुझ्या एलईडीवर चित्र उशिरा पोचतं, तोवर गेम नेम चुकला असं धरून मोकळा झालेला असतो. हिला जुना डबा टीव्हीच लागेल.

रापण | शुक्रवार, रात्री १०.४०

आमच्या पडवीत एक पडलेलो आसा. वर कोंबडी बसता, पण चालता. घेवन जा. उचलूक दोन माणसा लागतली.